नऊ ते सहा कंत्राटदार, पुढे जावई

सोमवार, ३

लेकीनं आज जेवता जेवता जाहीर केलं की वरच्या खोलीचं काम तिचा नवरा करणार. वरची खोली म्हणजे पत्र्याखालची. दुपारी तिथे मेणबत्ती ठेवली तर न पेटवताच वाकते. छताला आतून उष्णता अडवणारा थर बसवून घ्यायचा, असं मी गेलं वर्षभर घोकतेय. आणि जावईबापूंनी चांगली चालती नोकरी सोडून नेमका हाच धंदा काढलाय. छत असो, भिंत असो, पाण्याची टाकी असो, जे तापेल ते झाकून देणार. अजून एकही काम मिळालेलं नाही. म्हणजे पहिला प्रयोग माझ्या डोक्यावर.

मी म्हटलं, माझी ना नाही. पण रीतसर करारनामा होईल.

लेकीचा घास हातातच राहिला. "आई, घरातल्या घरात करार?"

"घरातच जास्त लागतो," मी म्हटलं. दस्त नोंदणीच्या कचेरीत मी अख्खी नोकरी लोकांचे कागद तपासण्यात घालवली आहे. भांडण झालं की परके लोक कागद काढतात आणि घरचे लोक डोळ्यांतून पाणी काढतात. पाण्याची नोंदणी होत नाही.

ह्यांनी नेहमीप्रमाणे ताटात डोकं घातलं. संसारातल्या प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी मला ह्यांचं टक्कलच दिसलेलं आहे.

खरी अडचण मी तिथे बोलले नाही, इथे लिहिते. काम बिघडलं तर जावयाला बोलायचं कसं? कंत्राटदाराला मी उभा आडवा घेऊ शकते. जावयाला "अजून थोडं घ्या" यापलीकडे काही म्हणायची सोय नाही. यावर काहीतरी तोड काढायला हवी.

बुधवार, ५

तोड काढली. एकूण एकतीस कलमं झाली. मी "लिहून घेणार", जावई "लिहून देणार". कलम चार इथे उतरवून ठेवते, कारण असं कलम मी आजवर कुणाच्या कागदात पाहिलेलं नाही:

"सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लिहून देणार हे कंत्राटदार समजले जातील. दुपारी एक ते दोन, तसेच सहानंतर, ते जावई समजले जातील. कंत्राटदार असताना घरगुती विषय व जावई असताना कामाचा विषय उभय पक्षांनी काढू नये."

जावयांनी सगळं सावकाश वाचलं. मग विचारलं, "कामाच्या वेळेत उचकी लागली, तर पाणी कंत्राटदार म्हणून मागायचं की जावई म्हणून?"

चेष्टा करतायत की काय म्हणून मी चेहरा निरखून पाहिला. नव्हते करत. मनापासून शंका होती. मग पोटकलम घातलं की पाणी कोणीही, कधीही मागू शकतो.

साक्षीदार म्हणून हे. पेन हातात घेऊन म्हणाले, "मी साक्षीदार म्हणून सही करू की नवरा म्हणून?" ह्यांना मात्र चेष्टाच करायची होती.

गुरुवार, ६

विहीणबाईंचा फोन. "तुम्ही म्हणे आमच्या मुलाकडून लिहून घेतलंत."

"हो, प्रत पाठवू का?"

"आम्ही लग्नात काही लिहून घेतलं नव्हतं हो तुमच्याकडून."

"तिथेच चुकलं ना," मी म्हटलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी चांगल्या हेतूनं म्हटलं होतं.

सोमवार, १०

काम सुरू. नऊच्या ठोक्याला कंत्राटदार शिडी, लोखंडी पट्ट्या आणि ग्लासवूलच्या गुंडाळ्या घेऊन हजर. ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर, दिसायला पिंजलेल्या कापसासारखी. पत्र्याखाली पट्ट्यांचा सांगाडा, त्यात ही लोकर, त्यावर चंदेरी कागद आणि खालून पांढरे तक्ते, असा सगळा बेत आहे. ह्यांनी "किती मऊ आहे" म्हणून तिला गाल लावून पाहिला. त्यानंतर दिवसभर हे कंगव्यानं गाल खाजवत होते.

दुपारी एकला मी कंत्राटदाराला खाली बोलावलं आणि तो जिना उतरेपर्यंत त्याचा जावई झाला. पान मांडलं, पाट पुसला, आग्रह करकरून वाढलं. "अहो, एवढ्यानं काय होतंय, लाजू नका." दोन वाजता हात धुवून ते वर निघाले, तसं मी म्हटलं, "कंत्राटदार, जिन्यात पसारा पडलाय."

"उचलतो, मालक," ते म्हणाले. चेहऱ्यावर रेष हलली नाही. माणूस कागद पाळणारा आहे, एवढं कबूल करायला हवं.

सहाला लेक ऑफिसातून थेट इकडेच आली. चौघं जेवलो, गप्पा झाल्या, मग ती दोघं त्यांच्या घरी गेली. लग्न झाल्यापासून पोरगी महिन्यातून एखादा रविवार यायची, तोही एक डोळा मोबाइलवर ठेवून. आता काम संपेपर्यंत रोज येणार म्हणाली. याचा कराराशी संबंध नाही. उगाच नोंदवलं.

बुधवार, १२

कंत्राटदार शिडीवरून पडले. सव्वाअकराला वरून धप्प आवाज आला. जाऊन पाहते तो लोकरीच्या गुंडाळीवर बसलेले आणि घोटा टम्म सुजलेला.

मी कलम बावीसप्रमाणे तिथल्या तिथे लेखी समज दिली: शिडी भिंतीला नीट टेकवलेली नव्हती. त्यांनी पोच म्हणून सही केली. मग मी म्हटलं, शेकायला गरम पाणी आणते.

"नको, मालक. शेकणं घरगुतीत येतं. एक वाजेपर्यंत थांबू."

मी खाली आले. स्वयंपाकघरात उभी राहिले. भांडी घासलेली होती ती परत घासली. हे म्हणाले, "वर तो लंगडी घालत पट्ट्या मोजतोय." मी म्हटलं, करार आहे. दोन मिनिटं गेली असतील नसतील, पाणी कधी तापवलं आणि वर कधी नेलं माझं मलाच कळलं नाही. घोटा शेकला, मलम चोळलं, पट्टी बांधली.

"आई, तुमचा हात हलका आहे," ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "चूक झाली. मालक."

मी कामाच्या नोंदीत लिहिलं: "स्थळावरील प्रथमोपचार." त्यामुळे करार मोडलेला नाही.

शुक्रवार, १४

कंत्राटदारांनी आज चक्क मला नोटीस दिली. वाचून मी चाट पडले.

"महोदया, मला आपल्याशी एका विषयावर बोलायचे आहे. हा विषय अर्धा कामाचा व अर्धा घरगुती आहे. कामाच्या वेळेत बोललो तर घरगुती भाग आड येतो व सहानंतर बोललो तर कामाचा. कोणत्या वेळी बोलावे, कळवावे."

मी उलट टपाली, म्हणजे जिन्यातच, उत्तर दिलं: "कलम चार स्पष्ट आहे."

त्यांनी कलम चार परत वाचलं. मान डोलावली आणि पट्ट्या कापायला गेले. संध्याकाळी जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यात घास घातला. लेक त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होती. नक्की काम अर्धवट टाकून पळायचा विचार दिसतोय. मी सावध आहे.

रविवार, १६

हे आज सकाळी वर्तमानपत्राची घडी घालून माझ्यासमोर येऊन बसले. ह्यांनी घडी घातली म्हणजे काहीतरी गंभीर असतं.

"मी साक्षीदार आहे," म्हणाले, "मला कलम चार लागू नाही. तेव्हा मी सांगतो. जावयाला मोठं काम मिळतंय. शीतगृह बांधतायत. भिंती, छतं, दारं, सगळ्याला थर बसवायचा. दोन वर्षांचं काम आहे. पण अर्जाबरोबर पुऱ्या झालेल्या एका कामाचा करारनामा आणि मालक समाधानी असल्याचा दाखला लागतो. पंचवीस तारखेला सकाळी मुदत संपते. दाखला नसेल तर अर्जाकडे कोणी बघणारही नाही."

"मग कामाचा झाला की विषय. घरगुती काय आहे त्यात?"

"शीतगृह इथे नाहीये. रात्रभराच्या प्रवासावर आहे. दोघं तिकडे राहायला जातील."

मी म्हटलं, चांगलं आहे. काम पुरं झालं की दाखला मिळेल. समाधान झालं की नाही हे लिहून घेणार ठरवेल, कलम तीस.

"म्हणजे तू," हे म्हणाले.

"म्हणजे लिहून घेणार," मी म्हटलं.

मंगळवार, १८

कंत्राटदार म्हणतात काम झालं. मी पाहणी केली आणि अजिबात झालेलं नाही. तक्त्याच्या एका सांध्यावर पट्टी जरा तिरकी आहे. कोपऱ्यात पांढरा रंग आहे पण पुरेसा पांढरा नाही. एक स्क्रू इतरांपेक्षा जास्त चकाकतो. भर दुपारी वरची खोली खालच्या खोलीपेक्षा थंड निघाली, पण थर्मामीटर कंत्राटदारानंच आणलेला आहे, त्याचं किती ऐकायचं?

त्यांनी सांधा सरळ केला, कोपरा रंगवला, स्क्रू बदलला. हे मात्र दुपारी वर जाऊन चादर अंगावर घेऊन घोरत पडले. साक्षीदाराला असं वागणं शोभत नाही.

बुधवार, १९

आज नवीन आणि गंभीर त्रुटी सापडली. दुपारी मी वर बसले होते. खाली येऊन पाहते तर पाऊस पडून गेलेला आणि दोरीवरचे सगळे कपडे चिंब. पूर्वी चार थेंब पडले तरी पत्रा ताशासारखा वाजायचा. आता छत हूं की चूं करत नाही. मालकाला पाऊस पडल्याचं कळू नये हे कुठल्या कलमात बसतं? लेखी तक्रार दिली.

कंत्राटदारांनी तक्रार वाचली. "मालक, आवाज अडवला हा दोष धरायचा का?"

"कपडे माझे भिजलेत."

ते खाली गेले. मग खिडकीबाहेर एक पत्र्याचा डबा उलटा टांगून दिला. वरून झारीनं पाणी ओतून दाखवलं. टपटप वाजला. "आता कळेल," म्हणाले.

एवढा सरळ माणूस असू नये. त्रास होतो.

संध्याकाळी लेकीच्या ताटात मी दोनदा भात वाढला. ती म्हणाली, आई, रोज इतकं जेवायला घातलंस तर मी दारातून जाणार नाही. मी म्हटलं, मग नको जाऊस. सगळे हसले. मीही हसले.

गुरुवार, २०

आज भडका उडाला. लेक आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"तू सही का करत नाहीस?"

"सहा वाजून गेलेत. कामाचा विषय नाही."

"मी कंत्राटदार नाही आणि जावईही नाही. मी तुझी मुलगी आहे. माझ्यासाठी कुठलं कलम आहे?"

नव्हतं. मी मनातल्या मनात एकतीसही कलमं चाळली. पोरीबद्दल मी काही लिहिलेलंच नव्हतं.

"त्यानं नोकरी सोडली तेव्हा सगळे हसले त्याला," ती म्हणाली. "तू त्याला पहिलं काम दिलंस, तेव्हा मला वाटलं, निदान माझी आई तरी पाठीशी उभी राहिली. आणि तू चकाकणारे स्क्रू शोधतेस. अर्ज गेला नाही तर तो धंदा गुंडाळणार आहे, माहीत आहे तुला? परत कुठेतरी नोकरीला लागेल. इथेच. मग बस आनंदात."

जावई म्हणाले, "अगं, असू दे. आई कागद बघून बोलतात."

ती न जेवता गेली. तेही गेले. चार ताटं मांडलेली होती, त्यातली दोन मी उचलून ठेवली.

शनिवार, २२

काल लेक आली नाही. आजही नाही. कंत्राटदार तेवढे नऊला येऊन "काही दुरुस्ती आहे का?" विचारून बसून राहतात. एकला खाली जेवतात, मान खाली घालून. आग्रह केला की घेतात. जावयाच्या वेळेत मला बोलायचं काही सुचत नाही आणि कंत्राटदाराच्या वेळेत दाखवायला काही सापडत नाही.

आज मी भिंग घेऊन छत पाहिलं. हे जिन्यात उभे होते. म्हणाले, "तुला काम पसंत नाही, की पोरगी जाणं?"

"भलतंच काय," मी म्हटलं, आणि शिडीवरून उतरताना भिंग वरच विसरले.

ही वही माझी आहे, कोणी तपासणार नाही, तेव्हा लिहून टाकते. काम उत्तम आहे. इतकं चोख काम मी बाहेरच्या कुणाकडूनही करून घेऊ शकले नसते. मला ती जायला नको आहे. रोज संध्याकाळी जिन्यात तिची चप्पल वाजते ती वाजायला हवी आहे. त्यासाठी त्या बिचाऱ्याचा धंदा बुडाला तरी चालेल, असं मला चार दिवस वाटत होतं. लाज वाटते. झालं लिहून.

सोमवार, २४

सही करायची हे सकाळी उठतानाच ठरवलं. नऊला वर जाऊन बसले, पेन, शिक्का, कोरा कागद घेऊन. आणि नेमके आजच कंत्राटदार आले नाहीत.

दहा वाजले, अकरा वाजले. कलम तीसप्रमाणे दाखला कामाच्या वेळेत, समक्ष, साक्षीदारासमोर द्यायचा. फोन करून "या, सही करते" एवढंच म्हणायचं होतं. दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. आयुष्यात कुणाला "चुकलं" म्हणायची सवय नाही, ती फोनवर कुठून येणार? हे म्हणाले, मी करू का? मी म्हटलं, नको, मी करते. असं करत सहा वाजले.

सहा वाजून गेल्यावर दोघं आली. जावयांच्या खांद्यावर प्रवासाची बॅग. दिवसभर अर्जाचे कागद जमवत होते. "शिडी न्यायला आलोय," म्हणाले. "रात्रीच्या गाडीनं निघतोय. दाखल्याशिवायच अर्ज देऊन बघतो." लेक दाराशीच उभी. माझ्याकडे बघेना.

"वर चला सगळे," मी म्हटलं. "दाखला देते."

जावई वर आले, पण कागदाला हात लावेनात. "आई, सहा वाजून गेलेत. आता मी जावई आहे. कामाचा विषय काढता येत नाही."

"अरे देवा," लेक म्हणाली, "घे ना तो कागद गप."

"पहिलंच काम आहे. इतके दिवस पाळलेला करार शेवटच्या दिवशी मोडला, तर पुढे कुणाच्या करारावर काय म्हणून सही करू?"

मला धरून हलवावंसं वाटलं त्यांना. आणि धरून जवळ घ्यावंसंही. मी करारनामा काढला आणि कलम चार परत वाचलं, तीस वाचलं, परत चार. आणि मला दिसलं. इतकी वर्षं लोकांचे कागद तपासले, आणि स्वतःच्या कागदात एवढं मोठं भोक. सहा कोणत्या घड्याळात वाजले म्हणजे वाजले, हे मी लिहिलेलंच नाही.

मी शिडीवर चढले. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे धरले आणि साडेपाचवर आणून ठेवले.

जावयांनी आपली प्रत काढली, बोट ठेवून कलम चार वाचलं. "खरंच की," म्हणाले, "घड्याळ कुणाचं ते लिहिलेलं नाही." मग बॅग खाली ठेवली. "बोला, मालक."

"साक्षीदार," मी ह्यांना विचारलं, "किती वाजले?"

हे चष्मा लावून भिंतीकडे बघत म्हणाले, "साडेपाच. माझ्या डोळ्यांदेखत वाजले."

मी दाखला लिहायला बसले. नोकरीभर लोकांच्या कागदांवर मी "त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे" एवढंच लिहीत आले. "समाधानकारक" हा शब्द हाताला वळेना. शेवटी जे खरं होतं ते लिहिलं: "वरच्या खोलीचे काम पाहिले. त्यात एकही त्रुटी काढता आली नाही. पुष्कळ प्रयत्न केला." सही केली, शिक्का मारला. ह्यांनी सही केली.

जावयांनी वाचलं. पोच म्हणून सही करताना त्यांचं नाव जरा वाकडं आलं. लेकीनं तो कागद त्यांच्या हातातून घेतला, वाचला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी म्हटलं, कागद भिजेल. तरी ती हलली नाही. मग मीही रडले.

"चला, निघा आता, गाडी आहे," हे म्हणाले.

जावई घड्याळाकडे बघून खाली बसले. "कलम नऊ. सहाच्या आत कंत्राटदारानं जागा सोडायची नाही."

मग आम्ही चौघं त्या थंडगार खोलीत बसून राहिलो. घरगुती बोलायची बंदी, कारण सहा व्हायचे होते. कामाचं बोलायला काही उरलं नव्हतं. बाहेर गाड्या जात असतील, आत काही ऐकू येत नव्हतं. लेकीनं माझा हात धरून ठेवला होता. मी सोडवून घेतला नाही.

सहाचे ठोके पडले. कोणी उठेना. जावई उठले नाहीत, लेक उठली नाही, ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले होते. अजून कोणी काही बोललं नसतं, तर गाडी सहज चुकली असती.

मी म्हटलं, "उठा, चार घास खाऊन घ्या आणि निघा. उशीर होतोय."

हे मी म्हटलं. मला कोणी म्हणायला लावलं नाही.